मोजलेला फासा, टाकलेला फासा

फासा तीस वेळा टाका आणि कोणती बाजू किती वेळा पडली ते लिहून आणा, असं सांगितलं की वह्यांमध्ये पुष्कळदा एकच तक्ता दिसतो. एक पाच वेळा, दोन पाच वेळा, तीन पाच वेळा, असं करत सहापर्यंत सगळं पाच-पाच. खाली निष्कर्ष: सैद्धांतिक आणि प्रायोगिक संभाव्यता समान आहेत. तक्ता नीटनेटका असतो, गुणही मिळतात, पण तो बहुधा घरी बसून रचलेला असतो. निर्दोष फासा तीस वेळा टाकल्यावर सहाही बाजू नेमक्या पाच-पाच वेळा पडण्याची शक्यता मांडून काढता येते आणि ती सुमारे ०.०००४ येते. म्हणजे अडीच हजार मुलांनी खरोखर फासा टाकला, तर त्यांच्यातल्या एखाद्याच्या वहीत असा तक्ता यायला हवा. तो जर वर्गातल्या दहा वह्यांत दिसत असेल, तर मुलांनी फासा टाकलेला नाही. त्यांना काय शिकवलं गेलं आहे तेच त्यांनी परत लिहून दिलं आहे.

दोष मुलांचा नाही. आपण हा प्रश्न शिकवतोच असा, की सैद्धांतिक संभाव्यता म्हणजे बरोबर उत्तर आणि प्रयोग म्हणजे त्या उत्तरापर्यंत पोचण्याची कसरत. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण आहे. नमुना अवकाश लिहायचा, घटनेतले घटक मोजायचे, भागाकार करायचा. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात प्रत्यक्ष नाणी-फासे टाकून संभाव्यता काढण्याचं एक वेगळं प्रकरण होतं, तेही अभ्यासक्रमाच्या कपातीत गेलं. राहिला तो भागाकार. एक छेद सहा. हा एक छेद सहा कुठून आला, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा आणि प्रत्यक्षात पडलेलं दान त्याच्याशी जुळलं नाही तर कोणाला चुकीचं ठरवायचं, हा सगळा प्रश्न बाजूलाच राहतो. या लेखात तोच प्रश्न घ्यायचा आहे.

आधी जुळण्याचा अर्थ पाहू. निर्दोष फासा ६०० वेळा टाकला तर सहा किती वेळा पडेल? पाठ असलेलं उत्तर १००. पण बरोबर १०० वेळाच पडण्याची शक्यता साडेचार टक्क्यांहूनही कमी आहे. ९० ते ११० यांच्या दरम्यान कुठेतरी आकडा येणं हे अगदी रोजचं, आणि ८५ किंवा ११५ आला तरी फाशावर संशय घेण्याचं कारण नाही. या हेलकाव्याचं माप ठरलेलं आहे. ६० टाकींत ते सुमारे २.९ येतं, ६०० टाकींत ९.१, ६,००० टाकींत २८.९. टाकी शंभरपट झाल्या की हेलकावा दहापट होतो, कारण तो टाकींच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. बहुतेकांची समजूत नेमकी याच जागी उलटी असते. टाकी वाढल्या की फरक मिटत जातो असं आपण सांगतो. तसं होत नाही. अपेक्षित आकडा आणि पडलेला आकडा यांतलं अंतर साधारणपणे वाढतच जातं. कमी होतं ते त्या अंतराचं एकूण टाकींशी असलेलं गुणोत्तर: ६० टाकींत जवळजवळ पाच टक्के, ६,००० टाकींत अर्धा टक्का. याकोब बेर्नुलीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापला गेला. त्यात त्याने सिद्ध केलं ते गुणोत्तराबद्दल. मागे राहिलेली बाजू पुढे भरपाई करते, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही.

मोजणीची परंपरा आपल्याकडे या युरोपीय ग्रंथांच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचे धागे आमच्या मराठवाड्यातून जातात. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला आणि त्यात काही वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियम दिला. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकपाशाचं प्रकरण आलं. तिथला एक नियम फाशांच्या प्रश्नाला थेट लागू पडतो, तरी त्या अंगाने त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. शून्य सोडून बाकीचे अंक पाच स्थानांत मांडायचे आणि त्यांची बेरीज तेरा यायला हवी, तर मांडणीचे प्रकार किती? उत्तर ४९५. हाच नियम तीन स्थानांना लावा आणि बेरीज नऊ घ्या. आठ गुणिले सात भागिले दोन, म्हणजे २८. फाशावर सात नसतो, म्हणून सात-एक-एकचे तीन प्रकार वगळा, २५ उरले. बेरीज दहासाठी ३६ येतात. त्यातून आठ-एक-एकचे तीन आणि सात-दोन-एकचे सहा काढा, २७ उरले.

हे २५ आणि २७ गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत ते गॅलिलिओमुळे. तीन फाशांची बेरीज नऊ सहा तऱ्हांनी होते आणि दहाही सहाच तऱ्हांनी होते, तरी खेळणाऱ्यांना दहा अधिक वेळा पडताना दिसतो, हे कसं, असा प्रश्न त्याच्यापुढे आला होता. त्याने २१६ शक्यता मांडून दाखवल्या, त्यांतल्या २५ नऊच्या आणि २७ दहाच्या. मला यात गॅलिलिओच्या उत्तराइतकंच त्या खेळणाऱ्यांचं निरीक्षण थोर वाटतं. दोघांतला फरक २१६ मध्ये दोनाचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तो निव्वळ टाकून टाकून खात्रीने ओळखायचा तर तीन फासे दहा हजारांच्या आसपास वेळा टाकावे लागतात. इथे प्रयोग आधी झाला आणि सिद्धांत त्याच्या मागून आला. पास्काल आणि फर्मा यांचा १६५४ मधला पत्रव्यवहार सुरू झाला तोही जुगाराच्या प्रश्नांवरूनच.

मोजणी आपल्याकडे होती, मग संभाव्यतेचा सिद्धांत इथे का उभा राहिला नाही? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण महाभारतातल्या नलोपाख्यानात एक प्रसंग आहे, तो या चर्चेत यायलाच हवा. बाहुकाच्या रूपातला नल राजा ऋतुपर्णाचा रथ हाकत विदर्भाकडे निघाला आहे. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो. नल रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजून पाहतो. संख्या जुळते. ही विद्या अक्षांची, म्हणजे फाशांची, असं ऋतुपर्ण सांगतो आणि नलाला ती देतो. बेहड्याचंच झाड कथेत का आलं, तर जुन्या काळी बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं द्यूतसूक्तही याच बियांबद्दल आहे. अंदाजाने संख्या काढणं आणि फाशाचं ज्ञान ही एकच विद्या आहे, असं त्या कथाकाराला वाटलं, याकडे इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ मधल्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधलं होतं. मला त्याहून मोलाची वाटते ती नलाची कृती. राजाने सांगितलेली संख्या त्याने मान डोलावून घेतली नाही. तो खाली उतरला आणि त्याने मोजलं.

आमच्या धर्माबादहून रेल्वेने पुढे निघालं की लगेच बासर आणि तेलंगण. मिरचीच्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच सौद्यात बोलली जाते, आणि खेळही सीमेच्या दोन्ही बाजूंचे सारखेच आहेत. पलीकडे अष्टाचम्मा, महाराष्ट्रात चल्लस-आठ: पाच बाय पाच घरांचा पट आणि चार कवड्या. कवड्या नसल्या तर चिंचोके मधोमध फोडायचे, एक बाजू पांढरी, एक काळी. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. फाशाच्या प्रकरणात जे शिकवायचं राहून जातं ते सगळं या खेळात आहे. फाशाच्या सहा बाजू एकसारख्या, म्हणून प्रत्येकीला एक छेद सहा असं आपण न टाकताही म्हणू शकतो. कवडीची एक बाजू फुगीर, दुसरीला दात्यांची फट. दोन बाजू आहेत म्हणून प्रत्येकीला एक छेद दोन, असं म्हणायला काहीच आधार नाही. नमुना अवकाश लिहून इथे काम भागत नाही. कवडी टाकावीच लागते.

एक कवडी पुष्कळ वेळा टाकून समजा असं दिसलं की ती शंभरात चाळीस वेळा उताणी पडते. हा आकडा प्रयोगातून आला. आता सिद्धांताकडे वळा. चार कवड्या एकमेकींवर परिणाम न करता पडत असतील, तर चारचं दान ०.४ च्या चौथ्या घाताइतकं, म्हणजे शंभरात अडीचएक वेळा पडेल, आणि आठचं दान ०.६ च्या चौथ्या घाताइतकं, म्हणजे शंभरात तेराएक वेळा. दोन्ही बाजू समान धरल्या असत्या तर चार आणि आठ दोन्ही सोळातून एकदा आले असते. कवडीच्या एवढ्याशा कलाने आठचं दान चारच्या पाचपट झालं. मग पुन्हा चारही कवड्या एकत्र टाकून पाहा. आकडे जुळले तर गृहीत बरं होतं. नाही जुळले तर चारही कवड्या एकसारख्या नसतील किंवा मुठीत त्या एकमेकींना अडवत असतील. प्रयोगातून आकडा घ्यायचा, सिद्धांताने पुढचं भाकीत करायचं, प्रयोगाने ते तपासायचं. या दोन संभाव्यता एकाच कामात अशा आलटून-पालटून लागतात. त्यांना समोरासमोर उभं करून तुलना करा असं सांगणारा प्रश्नच अर्धवट आहे.

फाशालाही हेच लागू आहे, फक्त लवकर लक्षात येत नाही. एक छेद सहा हा आकडा फाशाच्या आकाराबद्दलचा एक दावा आहे: ठोकळा काटकोनी आहे, सगळ्या कडा समान आहेत, वजन मधोमध आहे. हा दावा खरा आहे की नाही हे प्रत्यक्ष फासाच सांगणार. झुरिकचा खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ याने एकोणिसाव्या शतकात एक फासा २०,००० वेळा टाकून नोंदी ठेवल्या. प्रत्येक बाजू ३,३३३ च्या आसपास यायला हवी होती. आली ती अशी: एक ३,२४६, दोन ३,४४९, तीन २,८९७, चार २,८४१, पाच ३,६३५, सहा ३,९३२. हे आकडे मुलांना नुसते वाचायला दिले तरी ती बोट ठेवून दाखवतील की तीन आणि चार दोन्ही मागे पडले आहेत आणि पाच-सहा पुढे गेले आहेत. तीन आणि चार या समोरासमोरच्या बाजू. पुढे ई. टी. जेन्स या भौतिकशास्त्रज्ञाने याच आकड्यांवरून अनुमान काढलं, की तो फासा तीन-चारच्या दिशेने किंचित लांब असला पाहिजे आणि टिंबं कोरल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य सरकलेला असला पाहिजे. फासा हातात न घेता, निव्वळ पडलेल्या दानांवरून, त्याचा आकार वाचता आला.

इंग्लंडमध्ये वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे २६,३०६ वेळा टाकले आणि १८९४ मध्ये त्या नोंदी गाल्टनला कळवल्या. ३,१५,६७२ फाशांपैकी पाच किंवा सहा १,०६,६०२ वेळा पडले. प्रमाण ०.३३७७, अपेक्षित ०.३३३३. फरक हजारात चाराचा. ६०० टाकींत हा फरक हेलकाव्यात पूर्ण बुडून गेला असता. तीन लाखांहून अधिक टाकींत तो हेलकाव्याच्या पाचपट ठरतो, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडलेली काय-वर्ग कसोटी याच आकड्यांवर चालवून दाखवली. आज प्रत्येक कृषी महाविद्यालयात आणि वैद्यकीय संशोधनात जी कसोटी वापरतात, तिच्या मुळाशी हे कोरलेल्या टिंबांचे फासे आहेत. वोल्फच्या फाशाला ती लावली तर २७१ हा आकडा येतो. निर्दोष फाशासाठी तो शंभरातून पंचाण्णव वेळा ११ च्या आत असतो.

हे काम अजून चालूच आहे. नाणं ज्या बाजूने वर धरून उडवलं त्याच बाजूने पडण्याचा कल किंचित जास्त असतो, असं पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या आधारे सांगितलं होतं. २०२३ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून ते पाहिलं, आणि प्रमाण ५०.८ टक्के आलं. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं नाव इतिहासकार म्हणून घेतलं जातं. पण गोव्यात जन्मलेले हे गणिती टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९५८ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात यू. व्ही. आर. राव यांच्यासह एक निबंध लिहितात, आणि त्याचा विषय असतो पत्ते पिसल्याने ते खरोखर किती विस्कटतात. पुस्तकातला प्रत्येक पत्त्यांचा प्रश्न ‘नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांतून’ असा सुरू होतो. ते ‘नीट’ कोणी तपासलं, हे विचारणारा हा माणूस.

मग ३० टाकींत नऊ वेळा सहा पडला तर फाशाबद्दल काय म्हणायचं? नुसत्या प्रयोगाचं उत्तर ०.३, नुसत्या सिद्धांताचं ०.१६७. हॅरॉल्ड जेफ्रीझ यांच्या परंपरेत याला तिसरं उत्तर आहे, आणि त्या परंपरेशी महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये जेफ्रीझ यांच्याकडेच संशोधन केलं आणि परत येऊन पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. या विचारात आधीच्या माहितीला वजन देता येतं. फासा ठोकळ्यासारखा दिसतो, बाजारात असे हजारो मिळतात. त्या विश्वासाला जणू ६०० टाकींत प्रत्येक बाजू शंभरदा पडलेली पाहिली आहे इतकं वजन द्या. मग नव्या ३० टाकींनंतर सहाची संभाव्यता ६३० पैकी १०९, म्हणजे ०.१७३ होते. विश्वास थोडा हलला, मोडला नाही. कवडीबद्दल मात्र असा पूर्वविश्वास जवळजवळ नसतो, म्हणून तिथे पहिल्या तीस टाकींचाच आवाज मोठा. फासा आणि कवडी यांना एकच सूत्र न लावण्याचा हा मला सर्वांत पटलेला मार्ग आहे.

वर्गात अलीकडे एक नवी सोय आली आहे. मोबाइलवर किंवा संगणकावर बटण दाबलं की दहा हजार टाकी क्षणात होतात आणि आलेख एक छेद सहाकडे सरकत जाताना दिसतो. हेलकावा पाहायला हे फार उपयोगी आहे, आणि मी ते जरूर दाखवावं असंच म्हणेन. पण याला प्रायोगिक संभाव्यता म्हणू नये. त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बाजूला समान संधी आधीच लिहून ठेवलेली असते. बाहेर येतो तो सिद्धांताचाच पडसाद. बाजारातल्या ल्युडोच्या डबीत येणारा प्लॅस्टिकचा फासा, ज्याची सहा टिंबांची बाजू जास्त कोरलेली असते, त्याच्याबद्दल संगणक काहीही सांगू शकत नाही. तो फासा टाकावा लागेल.

नोंदींचा तक्ता चुकीच्या हाती काय करतो हे पाहायचं तर मटक्याकडे पाहावं. मुंबईत १९६० च्या दशकात रुजलेला हा धंदा मराठवाड्याच्या गावागावांत पोचला. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे, तरी आकडा लावणारे आहेत आणि त्यांतले अनेक मजुरीच्या पैशांवर लावतात. त्यांच्याकडे जुने निकाल छापलेले चार्ट असतात. ‘सात’ वीस वेळात आला नाही, आता येणारच, असं तासन्‌तास मांडलं जातं. दहा आकड्यांतून प्रामाणिकपणे वीसदा सोडत काढली, तर दहांपैकी कुठला ना कुठला आकडा एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के असते. म्हणजे ‘बंद’ आकडा बहुतेक चार्टमध्ये सापडणारच, आणि त्याच्या नंतरच्या सोडतीत येण्याची शक्यता तीच राहते, दहात एक. पैसे सहसा एकाला नऊ मिळतात, दहा नाही. रुपयामागे दहा पैसे जातात. तरी शंभर वेळा लावणाऱ्यांपैकी सुमारे तीस टक्के त्या टप्प्यावर फायद्यात असतात, आणि गावात त्यांचीच गोष्ट सांगितली जाते. हजार वेळा लावणाऱ्यांत फायद्यातले दहात जेमतेम एक. दहा हजारांवर तसा माणूस शोधून सापडत नाही. हे सगळं सोडत प्रामाणिक आहे असं धरून. ती कोण काढतो आणि कशी काढतो हे लावणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे ना सिद्धांताचा आधार आहे ना प्रयोगाचा. दहावीतला मुलगा हे गणित बापाला करून दाखवू शकला, तर त्या प्रकरणाने मोठं काम केलं असं मी मानेन.

आपल्या भागात याहून मोठा प्रश्न पाण्याचा. पावसाला बाजू नाहीत, नमुना अवकाश नाही. जी काही संभाव्यता आहे ती नोंदींतून. धरणांच्या चर्चेत ‘७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी’ हा शब्दप्रयोग सतत येतो. त्याचा अर्थ शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान एवढं पाणी नदीत येतं. बच्छावत लवादाने कृष्णेसाठी हा आकडा ७८ वर्षांच्या नोंदींवरून २,०६० टीएमसी धरला. पुढे दुसऱ्या लवादाने ४७ वर्षांची वेगळी मालिका घेतली, तेव्हा त्याच विश्वासार्हतेला २,१७३ टीएमसी आले. नदी तीच, व्याख्या तीच. नोंदींची वर्षं बदलली आणि आकडा शंभराहून अधिक टीएमसीने हलला. शिवाय फाशाची दोन दानं एकमेकांपासून स्वतंत्र असतात, तसं पावसाच्या वर्षांबद्दल धरता येत नाही. दर वर्षी तुटीची शक्यता पाव आणि प्रत्येक वर्ष स्वतंत्र असं मानलं, तर सलग दोन तुटीची वर्षं सोळातून एकदा. मराठवाड्याने २०१४ आणि २०१५ लागोपाठ पाहिली आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तारखा पक्क्या आहेत. दरवाजे पुन्हा बंद होतात त्या दिवशी गोदावरीत किती पाणी असेल हे पक्कं नाही, आणि त्याचा अंदाज बांधायला मागच्या वर्षांच्या नोंदींपलीकडे काही नाही.

पीक विम्यातही हाच प्रश्न येतो, आणि तिथे तो थेट शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पोचतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाचांच्या सरासरीवरून ठरतं, आणि चालू वर्षाचं उत्पादन मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवरून. यादृच्छिक पद्धतीने शेत निवडायचं, त्यात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून मळून तोलायचं. मंडळातल्या सोयाबीनचा निकाल बराचसा अशा मोजक्या चौकोनांवर. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रणी होते. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये अगदी लहान तुकड्यांवर भर देत होते. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की लहान तुकडे उत्पादन वाढवून दाखवतात. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त.

वोल्फच्या फाशात टाकी वाढवूनही कल गेला नाही, तेच इथे. चार प्रयोगांच्या जागी सोळा केले तर अंदाजातला हेलकावा निम्मा होतो, म्हणून प्रयोगांची संख्या वाढवा ही मागणी रास्त आहे आणि शेतकऱ्यांनी ती करत राहावी. कडेची रोपं आत ओढण्याने येणारी चूक मात्र सोळाही ठिकाणी एकाच दिशेने पडते आणि सरासरीत तशीच उरते. उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं, नुकसान कमी दिसतं, भरपाई घटते. ती चूक संख्या वाढवून जात नाही. त्यासाठी कापणीच्या दिवशी शेतकऱ्याने आणि ग्रामसभेच्या माणसांनी त्या शेतात हजर राहून चौकोन कोणत्या खुणेपासून मोजला, दोरी कोणत्या रोपांमधून गेली आणि काट्यावर काय काय चढलं, हे स्वतः पाहून लिहून घ्यावं लागतं.